वाचकांचे प्रश्न : सैन्यदलातील शाखा निवडताना जिवाची जोखीम कशी तोलावी?

सैन्यदलात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांची आणि त्यांच्या घरच्यांची शाखेच्या निवडीबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राने सर्वांत जास्त जागा घेतली आहे, कारण उरलेल्या दोन पत्रांचा पायाही त्यातच आहे.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा आहे. अधिकारी म्हणून माझी निवड झाली असून शाखांचा पसंतीक्रम लवकरच भरून द्यायचा आहे. वडील नाहीत, आई आणि धाकटी बहीण माझ्यावर अवलंबून आहेत. मला सैन्यातच जायचे आहे, पण पसंतीक्रमाचा कागद समोर आला की जिवाचा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मित्र सांगतात की पायदळ सोडून काहीही घे, नौदल आणि हवाई दल सुरक्षित आहेत. यात किती तथ्य आहे? जोखीम आधी मोजता येते का?

उत्तर : आधी लाजेबद्दल. ज्याच्या घरातली दोन माणसे त्याच्या परत येण्यावर अवलंबून आहेत, त्याने जिवाचा विचारच केला नाही, तर त्याला धैर्य म्हणता येत नाही, बेफिकिरी म्हणावी लागते. उद्या आपल्या हाताखाली तीस-चाळीस माणसे असतील आणि त्यांना कुठे पाठवायचे, कोणत्या वाटेने पाठवायचे, याचा हिशेब आपल्याला रोज करावा लागेल. तो हिशेब आपण स्वतःपासून सुरू केला यात कोणताही कमीपणा नाही.

मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांत भूदलाचे सुमारे ३८ हजार आणि मरीन दलाचे, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलाचे, सुमारे १४ हजार ८०० होते. हवाई दल आणि नौदल यांचे प्रत्येकी अडीच हजारांच्या घरात होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी भूदलातल्या मृत आणि जखमींपैकी सुमारे ७० टक्के पायदळाचे होते, आणि पायदळ हा त्या भूदलाचा लहानसा हिस्सा होता. ज्याला पायी चालत जाऊन जमीन ताब्यात घ्यायची असते, त्याच्या आणि गोळीच्या मध्ये फारसे काही नसते. आपण अधिकारी होणार आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे : पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मृत्यूचे प्रमाण साध्या शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये जास्त होते, कारण खंदकातून सर्वांत आधी बाहेर पडायचे ते कोवळ्या वयाच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांनी. तेव्हा शाखेइतकाच हुद्दाही हिशेबात धरावा लागतो.

परंतु एवढ्यावरून आकाश आणि समुद्र सुरक्षित आहेत असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या महायुद्धातले आकडे त्याला खोटे पाडतात. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलात, सुमारे सव्वा लाख विमानकर्मी होते. त्यांपैकी ५५ हजार ५७३ जण मेले, म्हणजे शंभरांतले चव्वेचाळीस. जर्मनीच्या यू-बोटींवर, म्हणजे पाणबुड्यांवर, सुमारे ४० हजार नौसैनिक गेले आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश परतले नाहीत. इंग्लंडमधल्या तळांवरून उडणाऱ्या अमेरिकेच्या एकट्या आठव्या वायुसेनेने सुमारे २६ हजार माणसे गमावली. संपूर्ण अमेरिकी मरीन दलाचेही त्या अख्ख्या युद्धात एवढे मृत्यू झाले नाहीत. नौदल निवडले की जीव वाचला असे समजून यू-बोटीवर चढलेल्या मुलाला शाखेच्या नावाने काहीही दिले नाही.

इथे जोखमीचे प्रमाण आणि जोखमीची ठेवण यांत फरक करायला हवा. पायदळाच्या तुकडीवर हल्ला झाला, तर काही मरतात, त्याहून जास्त जखमी होतात आणि बाकीचे वाचतात. जहाज किंवा पाणबुडी यांचे तसे नसते. तिथे महिनोन्‌महिने काहीही होत नाही आणि एका दुपारी सगळे एकदम होऊन जाते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मेले. त्यांपैकी ३२३ जण २ मे रोजी बुडालेल्या ‘जनरल बेलग्रानो’ या एकाच युद्धनौकेचे होते. बेटांवरच्या थंडीत खंदकात बसून लढलेल्या साऱ्या तुकड्यांच्या एकत्रित मृत्यूंपेक्षा एका जहाजावरचे मृत्यू जास्त भरले. वर्षाची सरासरी काढली, तर ही दोन कामे एकसारखी दिसू शकतात, पण ती जगण्याचा अनुभव अगदी निराळा असतो, आणि आपल्या स्वभावाला त्यांपैकी कोणता झेपेल याचे उत्तर आकड्यांत मिळत नाही.

आता पिछाडीच्या कामांबद्दल, कारण मित्रांचा पुढचा सल्ला बहुधा तोच असेल. पुरवठा, दुरुस्ती, पाणी, वाहतूक या शाखा एकंदरीत कमी धोक्याच्या आहेत हे खरे, पण त्यांचे संरक्षण ज्या अंतरावर उभे होते ते अंतर आता आटले आहे. १९९१ च्या आखाती युद्धात २५ फेब्रुवारीच्या रात्री सौदी अरेबियातल्या दहरानजवळ, बराक म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका गोदामावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र पडले आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. त्यांपैकी १३ जण पाणी शुद्ध करणाऱ्या एका छोट्या तुकडीचे होते. तिला तिथे पोहोचून आठवडाही झाला नव्हता. पुढे इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पुरलेल्या स्फोटकांनी मालवाहू गाड्यांच्या ताफ्यांना आघाडीवर आणून बसवले. ट्रक चालवणाऱ्याला लढायचे नसते, पण तोच रस्ता, तीच वेळ आणि तोच वेग पुन्हा पुन्हा ठेवावा लागतो, आणि टपून बसलेल्याला तेवढेच पुरते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. आपण आज जे काम निवडता, ते दोन वर्षांनी तेच राहील याची खात्री कोणीही देत नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘स्विफ्ट’ नावाच्या वेगवान गस्ती बोटी सुरुवातीला किनाऱ्यालगत फिरून शस्त्रांची चोरटी वाहतूक रोखत. त्या काळी ते काम तुलनेने सौम्य समजले जाई. ऑक्टोबर १९६८ मध्ये अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी नवी मोहीम आखली आणि याच बोटी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या अरुंद नद्यांत व कालव्यांत शिरू लागल्या. पात्र एवढे निरुंद, की दोन्ही काठांची झाडी हाताच्या अंतरावर आणि त्या झाडीत बंदूकधारी. झुमवॉल्ट यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार या बोटींवरच्या हताहतांचे प्रमाण महिन्याला सहा टक्क्यांपर्यंत गेले होते. शाखा तीच, बोट तीच आणि माणसेही तीच होती. फक्त आदेश बदलला होता.

पुढे जे घडले तेही जोखमीच्या हिशेबातच येते. काठांवरचा आडोसा नाहीसा करण्यासाठी झुमवॉल्ट यांनी तिथे ‘एजंट ऑरेंज’ हे झाडांची पाने गाळणारे रसायन फवारण्याचा आदेश दिला आणि हताहतांचे प्रमाण एकदम खाली आले. त्याच नद्यांत त्यांचा मुलगा, ज्याचे नावही एल्मोच होते, एका स्विफ्ट बोटीचा प्रमुख होता. तो युद्धातून सुखरूप परतला आणि १९८८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने गेला. आपल्या आजाराचे मूळ त्या रसायनातच आहे असे मुलाला वाटत होते आणि वडिलांनाही. तरीही, त्या फवारणीने शेकडो खलाशी वाचले, म्हणून पुन्हा तसाच प्रसंग आला तर आपण तोच आदेश देऊ, असे वडील उघडपणे सांगत राहिले. मी हे प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. बंदुकीची जोखीम कमी करणारी गोष्टच वीस वर्षांनी येणारी जोखीम घेऊन आली, आणि दोन्ही हिशेब एकाच घरात येऊन मिळाले.

अशी उशिरा येणारी जोखीम भरती होताना कोणी विचारत नाही, आणि मला तिच्याबद्दल बोलायचे आहे, कारण माझी नोकरीची सारी वर्षे तिच्याच संगतीत गेली. मी लष्करी रुग्णालयांत कान-नाक-घशाचा डॉक्टर होतो. श्रवणचाचणीची खोली अगदी लहान असते, जाड भिंतींची, एका काचेच्या खिडकीची. आत बसलेल्याच्या कानांवर हेडफोन असतात आणि हातात एक बटण. आवाज ऐकू आला की ते दाबायचे. तोफखान्यात वीस वर्षे काढलेले एक गृहस्थ असेच आत बसले होते. खालचे, घुमणारे स्वर दिले तेव्हा त्यांनी झटपट बटण दाबले. स्वर चढत गेले तसा अंगठा रेंगाळू लागला. चार हजार हर्ट्‌झच्या आसपास तो थांबला तो थांबलाच. मी आवाज वाढवत होतो आणि ते काचेतून माझ्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी हेडफोन बाजूला करून विचारले, “डॉक्टर, सुरू झालं का?” तोवर अर्धी चाचणी झाली होती. त्यांनी एकही युद्ध पाहिलेले नव्हते. सरावाच्या मैदानावरच्या तोफांनीच ते केले होते. नात बोलते ते ऐकू येते, पण काय बोलते ते कळत नाही, असे ते जाताना म्हणाले. बारीक आवाजातले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वर्णच त्यांच्यापुरते भाषेतून निघून गेले होते.

तोफखाना घेऊ नका, असे मी म्हणत नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की प्रत्येक कामाची स्वतःची झीज असते. छत्रीधारी सैनिकाचे गुडघे आणि पाठ, लढाऊ वैमानिकाची मान, जुन्या जहाजांच्या इंजिनघरात काम केलेल्यांची अॅस्बेस्टॉसने ग्रासलेली फुप्फुसे, हे सगळे जोखमीच्या हिशेबात धरले पाहिजे. शिवाय युद्धभूमीवरची वैद्यकीय मदत जसजशी सुधारली, तसतसे मरणाऱ्यांपैकी अनेक जण आता वाचू लागले आहेत. दुसऱ्या महायुद्धात लढाईत घायाळ झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे ३० टक्के दगावले होते; इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. ही फार मोठी गोष्ट आहे. पण मग ‘मी मरेन का’ याच्या जोडीला ‘मी कोणत्या अवस्थेत जगेन आणि माझी काळजी कोण घेईल’ हाही प्रश्न विचारावा लागतो, आणि तो आईसमोर बसून विचारावा लागतो.

आता मोजायचे कसे ते पाहू. शाखेचे नाव बाजूला ठेवावे आणि त्या शाखेत आठ-दहा वर्षे काढलेल्या दोघा-तिघांना गाठावे. भरतीच्या माहितीपत्रकावर किंवा निवृत्त होऊन तीस वर्षे झालेल्या नातेवाइकांच्या आठवणींवर विसंबू नये. वर्षातले किती दिवस तुम्ही धोक्याच्या जागी असता, हे त्यांना विचारावे. तुमच्या तुकडीतला शेवटचा मृत्यू कशाने झाला, हे संकोच न करता विचारावे, कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात दहा तक्त्यांइतकी माहिती असते. ते उत्तर ‘गोळीने’ असे येण्यापेक्षा ‘गाडी उलटून’ किंवा ‘सरावात’ असे येण्याची शक्यता पुष्कळ असते. शाखेतून दुसऱ्या कामावर कितीदा पाठवले जाते आणि तेव्हा नाही म्हणता येते का, हेही विचारावे. जे सोडून गेले ते का गेले, हे जमल्यास त्यांच्याकडूनच ऐकावे. जोखीम नेहमी कालावधीसह मोजावी : वर्षाला हजारात एक ही शक्यता क्षुल्लक वाटते, पण वीस वर्षे राहिलात तर ती पन्नासात एक होते.

एवढे करूनही अचूक आकडा हाती येणार नाही. पसंतीक्रम लिहिताना दोन शाखांत जिवाची जोखीम दहापट वेगळी दिसत असेल, तर घरच्या परिस्थितीचा विचार करून कमी जोखमीची शाखा वर लिहावी. त्यात शरमेचे काही नाही. फरक दीडपट-दुपटीचाच असेल, तर तो विसरून जावे आणि जे काम आपल्याला मनापासून शिकावेसे वाटते तेच घ्यावे. जो आपले काम नीट शिकतो तो स्वतःला आणि शेजारच्याला जपतो, आणि एवढासा फरक त्या शिकण्यातच भरून निघतो. निव्वळ भीतीपोटी शाखा घेणाऱ्याची अडचण अशी होते, की आदेश बदलून धोका त्याच्याच दारात आला, तर त्याच्याजवळ त्या कामाची आवडही नसते आणि तयारीही नसते.

प्रश्न : माझ्या मुलाने नौदलात पाणबुडी शाखेसाठी नाव दिले आहे. पाणबुडीला अपघात झाला तर कोणीही वाचत नाही असे ऐकते. रात्र रात्र झोप लागत नाही. त्याने दुसरी शाखा घ्यावी म्हणून तुम्ही चार शब्द लिहावेत.

उत्तर : ताई, आपली भीती निराधार आहे असे मी लिहिणार नाही. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची ‘कुर्स्क’ बुडाली तेव्हा ११८ जण गेले. २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’वर ४४ आणि २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या ‘नांग्गाला’वर ५३ जण गेले, आणि या तिन्ही वेळी युद्ध नव्हते.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असावी. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली आणि १२९ जण मेले. त्यानंतर त्या नौदलाने पाणबुडीचा प्रत्येक महत्त्वाचा सांधा, झडप आणि नळी यांची तपासणी व लेखी नोंद बंधनकारक करणारी ‘सबसेफ’ नावाची पद्धत सुरू केली. १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ बुडाली, पण तिच्यावर ती पद्धत पूर्णपणे लागू झालेली नव्हती. ती पद्धत पुरी केलेली एकही पाणबुडी आजवर गमावलेली नाही. म्हणजे पाण्याखाली जाण्याची जोखीम समुद्राच्या खोलीइतकीच गोदीतल्या माणसांच्या शिस्तीवर अवलंबून असते. एखादी दुरुस्ती अपुरी राहिली, तर पाणबुडीला बंदरातून न सोडण्याची हिंमत वरिष्ठांत आहे का, हा या शाखेतला खरा प्रश्न आहे.

मुलाला परावृत्त करणारे शब्द मी लिहिले, तरी ते आपणच लिहवून घेतले असे त्याला वाटेल आणि आपल्यावर त्याचा राग राहील. त्याऐवजी त्याला समोर बसवून, हीच शाखा त्याला का हवी आहे, ते पूर्ण ऐकून घ्यावे. मग आपली भीती एकदाच, स्पष्टपणे, रडू आले तरी चालेल, पण सांगावी. नंतर त्याला वरचा दुरुस्तीचा प्रश्न द्यावा आणि त्या शाखेतल्या कोणाकडून तरी उत्तर आणायला सांगावे. अनेक नौदलांत पाणबुडीची शाखा स्वेच्छेची असते आणि तिचे निवडीचे व प्रशिक्षणाचे टप्पे कठीण असतात. ज्याला ते जीवन मानवत नाही तो बहुधा त्या टप्प्यांतच गळतो. शपथ मात्र घालू नये. आईच्या शपथेखातर दुसरीकडे गेलेला मुलगा तिथे कशानेही दुखावला, तर ते ओझे आपल्याला पेलणार नाही.

प्रश्न : सध्या मोठे युद्ध नाही. अशा वेळी भरती झाल्यास जोखीम नगण्यच असते ना? आणि ड्रोन चालवणाऱ्या शाखेत तर ती अजिबातच नसेल?

उत्तर : नगण्य नसते. २०१७ या एका वर्षात अमेरिकी सैन्यदलांत सराव-प्रशिक्षणातल्या अपघातांत ८० जण मेले आणि लढाईत २१. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर, शत्रूचे एकही विमान समोर नसताना, सुमारे १५ हजार विमानकर्मी अपघातांत गेले होते. सियाचिनमध्ये नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी आहे. तरी एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथील पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळून १४० जण गाडले गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भारताचे दहा जवान तसेच गेले. बर्फाला शस्त्रसंधी ठाऊक नसते. म्हणून युद्ध आहे का, याबरोबरच कामाची जागा किती उंच, किती थंड आणि किती दुर्गम आहे, आणि तिथून रुग्णाला खाली आणायला किती तास लागतात, हेही पाहावे.

ड्रोनच्या शाखेत शरीर सुरक्षित राहते हे बरोबर आहे. परंतु तो माणूस एकाच घरावर अनेक दिवस नजर ठेवतो, तिथली माणसे ओळखू लागतो, मग हल्ल्याचे परिणाम पडद्यावर जवळून पाहतो आणि पाळी संपली की घरी जाऊन मुलांबरोबर जेवायला बसतो. प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्यांमध्ये जसे मानसिक त्रास आढळतात, तसेच या लोकांमध्येही आढळले आहेत. मनाची जोखीम किती मोठी असते याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार, सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत त्या देशाचे ७ हजार ५७ सैनिक कारवायांत मेले, तर त्याच युद्धांच्या काळातील सेवेतल्या आणि निवृत्त अशा सुमारे ३० हजार १७७ जणांनी आत्महत्या केल्या.

तेव्हा ड्रोनची शाखा आवडत असेल तर जरूर घ्यावी. मात्र पाळ्या किती तासांच्या असतात, सलग किती आठवडे पडद्यासमोर बसवतात आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेल्यांना पुढे बढती मिळाली का, एवढे त्या तुकडीतल्या कनिष्ठांना आधी विचारून घ्यावे.